निजलेलें बीं आणि मेलेलें बीं

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रांत येतो. त्या सुमारास नेसरी, आजरा व चंदगड या बाजूच्या माळावरील शेतांत एक काम चाललेलें दिसतें, तें पाहून परगांवचा मनुष्य चकित होतो. पावसाचा थेंब पडलेला नाहीं, ढेंकळें फोडून माती पिठासारखी झालेली आहे, आणि त्या तापलेल्या धुळींत शेतकरी कुरीनें भात पेरीत आहे. यास आमच्या बाजूस धूळवाफ पेरणी म्हणतात. मग पाऊस वेळेवर आला तर आठ-दहा दिवस, न आला तर त्याहूनही अधिक दिवस, तें भात त्या धुळींत पडून राहतें. वरून पाहणाऱ्यास शेत रिकामें दिसतें. पांखरें दाणे टिपतात, मुंग्या ओढून नेतात, आणि घरधनी बांधावर उभा राहून पश्चिमेकडे पाहतो.

नेसरी म्हटलें कीं लोकांस प्रतापराव गुजरांची खिंड आठवते. तेथें २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं ते व त्यांचे सहा साथी शत्रूच्या सैन्यावर धांवून गेले व पडले. त्यांनीं वाट पाहिली नाहीं, आणि त्यांचें नांव राहिलें. त्याच खिंडीच्या आसपासच्या शेतकऱ्याला मात्र दरसाल वाट पाहावी लागते, आणि त्याचें नांव कोणी लिहून ठेवीत नाहीं.

अशा शेताच्या बांधावर बसून एखादा उपदेशक करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचूं लागला, तर ऐकणारा शेतकरी त्यास अडविल्याशिवाय राहणार नाहीं. पेरलेल्या दाण्यास मरणांतून जावें लागतें असें प्रेषित पौल तेथें शिकवितो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत प्रभूनेंही गव्हाच्या दाण्याविषयीं तीच गोष्ट सांगितली आहे. शेतकरी म्हणेल, "मास्तर, मेलेलं बी कधी उगवलंय का? किडकं नि मेलेलं आम्ही निवडून कोंबड्यांपुढं टाकतो." हा प्रश्न उर्मटपणाचा नव्हे. ज्याचें वर्षाचें पोट त्या दाण्यावर आहे त्याचा तो प्रश्न आहे, आणि त्यास सरळ उत्तर मिळालें पाहिजे. धुळींत पडलेलें तें बीं मेलेलें आहे कीं जिवंत आहे? आणि जिवंत असेल तर शास्त्रांत मरणाची गोष्ट कां काढिली आहे?

प्रथम बीं म्हणजे काय हें पाहूं. भाताच्या दाण्याच्या एका टोंकाला एक अत्यंत लहान अंकुर दडलेला असतो. उरलेला बहुतेक दाणा म्हणजे त्या अंकुराची शिदोरी, आणि वरचें तूस व साल म्हणजे त्याचें पांघरूण. चांगलें वाळविलेल्या भातांत शंभर भागांस बारा ते चौदा भागच पाणी राहतें. इतक्या थोड्या पाण्यावर अंकुराचा सारा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. तो मात्र मेलेला नसतो. त्याचा श्वास इतका मंद चालतो कीं साध्या उपायांनीं तो कळतही नाहीं.

पाऊस पडला कीं दाणा पाणी शोषून फुगतो. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, ती अशी कीं मेलेला दाणाही फुगतो! पाणी शोषणें हें जीवाचें काम नव्हे. वाळलेलें लांकूडसुद्धां पाण्यांत फुगतें. म्हणून पहिल्या दिवशीं जिवंत व मेलेला दाणा सारखेच टपोरे दिसतात. त्यांची वाट पुढें फुटते. जिवंत दाण्यांतला अंकुर जागा होऊन जिबरेलिन नांवाचा एक रस शिदोरीच्या कडेच्या पातळ थराकडे निरोप्याप्रमाणें पाठवितो. निरोप पोंचतांच तो थर अशीं द्रव्यें तयार करितो कीं जीं पिठाची साखर करितात, आणि ती साखर खाऊन अंकुर वाढतो. नाचणीला मोड आणून तिचें सत्त्व करणाऱ्या बाया हेंच काम नित्य करवून घेत असतात. मोड आलेल्या नाचणीची गोडी तेथूनच येते. या रसाचा पत्ता प्रथम भाताच्याच एका रोगावरून लागला. त्या रोगांत रोपें उगाच उंच व लुकडी होतात. १९२६ सालीं कुरोसावा नांवाच्या जपानी संशोधकानें दाखविलें कीं एका बुरशीच्या रसानें तें घडतें, आणि १९३५ सालीं त्या रसास जिबरेलिन हें नांव मिळालें. मेलेल्या दाण्यांत निरोप धाडणारा कोणी उरलेला नसतो. तो फुगतो, मऊ पडतो, आणि कुजतो. आमच्या जागृतीच्या सभांत पहिल्या रात्रीं जे भरून येतात त्यांच्याविषयीं घाईनें अहवाल लिहिणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें, इतकेंच येथें म्हणतों.

आतां धुळींतलें भात खऱ्या अर्थानें निजलेलें असतें काय? नाहीं. तें केवळ पाण्याची वाट पाहत असतें. पाणी मिळालें कीं तें उठतें. खरी निद्रा याहून निराळी. पाणी आहे, ऊब आहे, हवा आहे, अंकुर जिवंत आहे, आणि तरीही बीं उगवत नाहीं, ती खरी निद्रा होय. भाताच्या कित्येक जातींचें नवें बीं मळणीनंतर लागलेंच भिजत घातलें तर त्यास मोड येत नाहींत. तेंच बीं कांहीं आठवडे कणगींत राहिल्यावर भराभर येतात. त्या नव्या दाण्यांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचा दुसरा एक रस असतो, तो अंकुरास थोपवून धरितो. हा दोष आहे असें कोणास वाटेल, परंतु ही निद्रा नसेल तर काय होतें तें भुईमुगाच्या शेतकऱ्यास विचारावें. उपट्या जातीच्या शेंगेस ही झोंप नाहीं म्हटली तरी चालेल. काढणीच्या तोंडावर पावसानें झोडपलें कीं जमिनींतल्या शेंगेंतच दाण्याला मोड येतात आणि हातचें पीक जातें. पसऱ्या जातीची शेंग त्याच पावसांत निजून राहते व वांचते. तेव्हां निजणें ही देवानें घातलेली सोय आहे. जें बीं चुकीच्या पावसाला हांक देत नाहीं, तेंच पुढें खऱ्या पावसाला उपयोगी पडतें.

आणि प्रत्येकाच्या झोंपेचें कुलूप निराळें असतें. बाभळीच्या बियाची साल इतकी कठीण कीं पाणी आंत शिरतच नाहीं. शेळ्या त्या शेंगा खातात, आणि त्यांच्या वाड्यांत पडलेलें बीं लौकर उगवतें. म्हणून रोपें करणारे तें वेंचून आणितात, नाहीं तर कढत पाण्याचा उपाय करितात. सागाच्या फळास आळीपाळीनें भिजवावें व वाळवावें लागतें. पुष्कळ तणांच्या बारीक बियांना उजेडाचा स्पर्श हवा असतो. म्हणून कोळपणीनें माती वरखाली झाली कीं आठवड्यांत नवें तण उभें राहतें. ज्वारीच्या व उंसाच्या मुळांवर जगणारा टारफुला तर सर्वांहून धूर्त. त्याचें बीं वर्षानुवर्षें मातींत पडून राहतें, आणि दुसऱ्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसाचा सुगावा लागेल तेव्हांच जागें होतें. जागें होणें हें सर्वदा भल्यासाठींच असतें असें नाहीं, हेंही त्यावरून कळतें.

परंतु प्रत्येक बियास निजतां येतें असेंही नव्हे. आजरा-चंदगडकडे फणसाला तोटा नाहीं. फणसाची आठळी गरांतून काढल्यावर थोड्या आठवड्यांत मातींत गेली तर ठीक. सुकली कीं मेली. तिला कणगींत घालून पुढल्या वर्षी लावीन असें म्हणणारा कोणी या भागांत सांपडणार नाहीं.

येथवर पाहिलें त्यावरून शेतकऱ्याचें म्हणणें खरें ठरतें: मेलेलें बीं उगवत नाहीं. मग प्रेषित चुकला काय? पौल शेतीचें पुस्तक लिहीत नव्हता, तो पुनरुत्थानाविषयीं लिहीत होता, असें म्हणून पुष्कळ जण येथेंच थांबतात. तें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. बियाच्या जीवनांत खरोखर एक क्षण असा येतो कीं ज्यास मरण म्हणण्यास हरकत नाहीं, आणि शेतकऱ्यांनीं तो पाहिलेला असतो. दाणा भिजला, फुगला, पण मूळ अजून बाहेर पडलें नाहीं, तोंवर त्यास पुनः वाळवितां येतें. असें भिजवून वाळविलेलें बीं पुढें पेरलें तर उगवतें. कित्येक शेतकरी मुद्दाम तसें करितात. परंतु एकदां मूळ सालीबाहेर आलें कीं ती वाट बंद होते. आतां पाऊस दडी मारून बसला तर तो कोंब करपून जातो. त्यास पुनः दाणा होतां येत नाहीं. धूळवाफेच्या शेतकऱ्याला कोरड्या दिवसांची तितकी भीति नसते जितकी एका अर्धवट सरीची असते. कोरडा दाणा ऊन सोसतो, थंडी सोसतो, महिनेच्या महिने सोसतो. कोंब फुटलेल्या दाण्यानें ही सारी सुरक्षितता टाकून दिलेली असते. त्याची शिदोरी सरते, पांघरूण फाटतें, आणि जें दाणा म्हणून कणगींत मोजलें जात होतें तें कायमचें नाहींसें होतें. माझ्या मतें प्रभूच्या व प्रेषिताच्या बोलण्यांतलें मरण तें हेंच: जीव जाणें नव्हे, तर मागें फिरण्याची वाट जाणें.

हें आमच्या गांवच्या मंडळ्यांस फोड करून सांगावयास नको. ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्याला भावकीच्या पंगतींतलें पान, सोयरीक, कधीं राहतें घर गमवावें लागलें आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींतला मनुष्य ख्रिस्ती झाल्यास त्या जातीच्या सवलतींस मुकतो, हेंही घरोघर ठाऊक आहे. जो वचन ऐकतो, मान डोलवितो, पण पाऊल टाकीत नाहीं, त्याच्यावर रागावण्यापूर्वीं आपण त्यास कोणत्या मरणाकडे बोलावीत आहों याची आठवण असावी.

मेलेल्या व निजलेल्या बियाचा विषय निघाला म्हणून एका कथेविषयीं लिहिणें भाग आहे. मिसर देशांतल्या राजांच्या थडग्यांत हजारों वर्षांपूर्वींचा गहूं सांपडला व तो पेरल्यावर उगवला, ही कथा पुनरुत्थानाच्या उपदेशांत फार दिवसांपासून सांगण्यांत येते. ती खरी नाहीं. गव्हाचा दाणा साध्या साठवणींत फार तर कांहीं दशकें जगतो. थडग्यांतला गहूं बाहेरून धड दिसला तरी आंत मेलेला असतो. जेथें तो उगवल्याचें सांगितलें गेलें तेथें नवा गहूं मिसळलेला होता. खोट्या दाखल्यानें खरी आशा सिद्ध करूं पाहणारा उपदेशक आपल्याच पायाखालची माती काढतो. ज्या दिवशीं शाळेंत शिकणारा एखादा मुलगा उभा राहून त्यास हें सांगेल त्या दिवशीं त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही लोकांचा विश्वास राहणार नाहीं. आणि खरे दाखले काय थोडे आहेत? मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यांत १९६३ ते १९६५ या काळांत उत्खनन झालें, तेथें खजुराच्या आठोळ्या मिळाल्या. त्या सुमारें दोन हजार वर्षांच्या, म्हणजे प्रभूच्या काळाच्या आसपासच्या. २००५ सालीं इस्राएल देशांतील शास्त्रज्ञ बायांनीं त्यांतल्या कांहीं पाण्यांत भिजवून, वर सांगितलेला जिबरेलिनचा रस देऊन, मातींत लाविल्या. एक उगवली. त्या झाडाचें नांव मथुशलह ठेविलें. तें नर निघालें; पुढें तशाच जुन्या बियाच्या एका मादी झाडास त्याच्या परागानें २०२० सालीं खजूर लागले.

दुसरा दाखला अमेरिकेतला. मिशिगन येथील शेतकी विद्यालयाचे अध्यापक विल्यम बील यांनीं १८७९ सालीं वीस बाटल्यांत वीसहून अधिक जातींच्या तणांचें बीं वाळूंत मिसळून जमिनींत पुरलें, आणि ठराविक वर्षांनीं एकेक बाटली काढून पेरावी असें ठरविलें. बील वारले, त्यांच्या मागचेही वारले; बाटल्या निघत राहिल्या. उजेड लागून बीं अवेळीं जागें होऊं नये म्हणून त्या रात्रीं काढितात. २०२१ सालीं, म्हणजे १४२ वर्षांनंतर, काढलेल्या बाटलींतलें एका जातीचें बीं उगवलें. त्याच वाळूंत, तितकींच वर्षें राहिलेल्या इतर बहुतेक जाती मेल्या होत्या. बाटली हातांत धरून कोणतें जिवंत व कोणतें मेलेलें हें कोणीही सांगूं शकला नसता.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. पुष्कळ मंडळ्यांत दर एक-दोन वर्षांनीं नोंदवही उघडून बसण्याचा प्रसंग येतो. अमक्याचें नांव आहे, पण तो प्रभुभोजनास येत नाहीं. तमक्याचा बाप विश्वासू होता, मुलगा मात्र सणापुरता दिसतो. मग पंच म्हणतात, हा मेला, नांव काढा. उपदेशकही एखाद्या वाडीविषयीं म्हणतो, दहा वर्षें वचन पेरलें, जमीन मेलेली आहे. असें म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय? मंडळीची शिस्त असूं नये असें माझें म्हणणें नाहीं. उघड पापाचा निवाडा ही वेगळी गोष्ट आहे. मी बोलतों तें जो केवळ उगवत नाहीं त्याच्याविषयीं.

शेतकरी पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो व किती उगवले तें पाहतो. बियाण्याच्या प्रयोगशाळेंत हेंच काम अधिक काटेकोरपणें चालतें. तेथील नियम मोठा शिकण्यासारखा आहे. मुदत संपल्यावर जे दाणे उगवले नाहींत त्या सर्वांस तेथें मेलेले म्हणत नाहींत. ज्यांनीं पाणीच घेतलें नाहीं ते 'कठीण' म्हणून वेगळे मोजतात. ज्यांनीं पाणी घेतलें पण जे ताजे व घट्ट राहिले ते आणखी वेगळे. आणि जे मऊ पडून बुरशीनें भरले तेच मेलेले म्हणून लिहितात. ज्यांस केवळ बियाण्याचा भाव ठरवावयाचा आहे तेही इतकी सावधगिरी बाळगतात.

कठीण सालीचा एक दाखला आमच्याच मंडळींतला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. त्या कित्येक वर्षें पतीपासून दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्यावरही सोंवळें-ओंवळें व निराळा स्वयंपाक सुटला नव्हता. त्या वेळीं एखाद्या उत्साही मिशनऱ्यानें त्यांच्याकडे पाहून काय निकाल दिला असता? टिळकांनीं तें सोंवळें चालूं दिलें. मग एके दिवशीं, ही उच्चनीचता देवानें केलेली नसून माणसांनीं केलेली आहे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनांत त्यांचा त्यांनाच आला, आणि साल फुटली. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत स्वतः लिहून ठेविली आहे, आणि तींत आपला हट्ट लपविलेला नाहीं.

कोणी म्हणेल, कढत पाण्यानें बाभूळ उगवते, तर मग कठीण मनुष्यास चटका दिलाच पाहिजे. दुःखांत सांपडलेल्याच्या घरीं जाऊन "देव तुझी साल फोडीत आहे" असें सांगणारे लोक आहेत. हें बोलणें मला पटत नाहीं. पाणी घटकाभर अधिक कढलें तर आंतला अंकुर शिजतो, आणि दुसऱ्याच्या घरीं तें भांडें चुलीवर ठेवावयास आपणांस कोणी नेमलें नाहीं. मार्काच्या चवथ्या अध्यायांतला शेतकरी पेरतो, निजतो, उठतो. बीं कसें वाढतें हें त्यास ठाऊक नसतें. त्याचें काम बीं टाकणें, तण काढणें, गुरें हांकणें. उकरून पाहणें नव्हे.

मात्र या ज्ञानाचा दुरुपयोगही सोपा आहे. "मी अजून निजलेला आहें, माझी वेळ आली नाहीं," असें जो स्वतःविषयीं म्हणतो त्यानें फणसाची आठळी आठवावी. प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायांत फेलिक्स सुभेदार पौलाचें बोलणें ऐकून भ्याला, आणि सोय होईल तेव्हां बोलावीन असें म्हणून त्यानें त्यास परत पाठविलें. पुढें त्यानें पौलास पुष्कळ वेळां बोलाविलेंही, पण पैशाच्या आशेनें. ती सोयीची वेळ आल्याचें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं. आपण खजुराची आठोळी आहों कीं फणसाची, हें ज्याचें त्याला आधीं कळत नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या बाबतींत तो खजूर असेल असें समजून चालावें, आणि स्वतःच्या बाबतींत आपण फणस आहों असें. या दोन मापांत अन्याय आहे असें कोणास वाटल्यास त्यानें उलट करून पाहावें: दुसऱ्यास फणस व स्वतःस खजूर समजणारे पंच कोणत्याही मंडळींत आढळतील, आणि तेथील नोंदवही वाचण्यास फार वेळ लागत नाहीं.

त्या नोंदवहीविषयीं एक सूचना करून थांबतों. सध्यां तींत बहुधा दोनच रकाने असतात, चालू व बंद. बियाण्याच्या प्रयोगशाळेप्रमाणें मध्यें आणखी एक रकाना आंखावा. त्यांतल्या नांवांपुढें कोणी, कोणत्या महिन्यांत, त्यांच्या घरीं जाऊन आलें तेवढेंच लिहावें. रोहिणीच्या पेऱ्यानंतर पाऊस येईपर्यंतचे दिवस तसे मोकळेच असतात.